सात-बारा आणि स्प्रेडशीटची घरे

शेतकऱ्याच्या घरी जपून ठेवलेल्या कागदांत एक कागद हमखास असतो. तो म्हणजे सात-बाराचा उतारा. गावच्या महसुली हिशेबासाठी एक ते एकवीस असे 'गाव नमुने' ठरवून दिलेले आहेत. त्यांतील सातवा नमुना जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगतो आणि बारावा तिच्यात कोणते पीक घेतले ते सांगतो. हे दोन्ही नमुने एकाच कागदावर मिळतात, म्हणून त्याचे नाव पडले सात-बारा.

आता एक छोटासा प्रयोग करा. शाळेतील संगणकावर स्प्रेडशीट उघडा. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांनी आखलेले चौकोन दिसतील. त्यांतील कोणत्याही एका चौकोनात ७/१२ असे टंका आणि एंटरची कळ दाबा. काय झाले? बहुधा सात-बारा नाहीसा झाला आणि त्याच्या जागी तारीख आली! संगणकाच्या मांडणीप्रमाणे ती ७ डिसेंबर असेल किंवा १२ जुलै असेल. तुम्ही लिहिले एक, संगणकाने घेतले दुसरेच. असे का व्हावे? याचे उत्तर शोधताना स्प्रेडशीटचे सारे मर्म आपल्या हाती येणार आहे.

घर आणि घराचा पत्ता

स्प्रेडशीटमधील प्रत्येक चौकोनाला इंग्रजीत सेल म्हणतात. आपण त्याला बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे 'घर' म्हणू या. पटावरील प्रत्येक घराला जसा पत्ता असतो तसाच इथेही असतो. उभ्या रकान्यांना ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरे दिलेली असतात आणि आडव्या ओळींना १, २, ३ असे क्रमांक. बी रकाना आणि पाचवी ओळ जेथे मिळतात ते घर बी५. (या लेखात पत्ते आणि सूत्रे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर मात्र ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकावीत.)

अशी घरे किती असतात? १९७९ साली व्हिजिकॅल्क हा कार्यक्रम बाजारात आला, तेव्हा त्यात ६३ रकाने आणि २५४ ओळी होत्या. आज एक्सेलच्या एका पानात १६,३८४ रकाने आणि १०,४८,५७६ ओळी असतात. गुणाकार करून पाहा. सुमारे १,७१८ कोटी घरे होतात!

परंतु घरांच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक घराला दोन रूपे असतात. एक आत साठवलेले आणि दुसरे पडद्यावर दिसणारे. आत साठवता येणाऱ्या गोष्टीही मुख्यतः तीन प्रकारच्या असतात: संख्या, मजकूर आणि सूत्र. तुम्ही काही टंकले की संगणक क्षणार्धात ठरवतो, की हे यांपैकी काय आहे. आरंभी बरोबरचे चिन्ह असेल तर सूत्र. नुसते अंक असतील तर संख्या. बाकी सारा मजकूर. आणि तारीख? तारीख ही त्याच्या लेखी एक संख्याच असते, एका ठराविक दिवसापासून मोजलेले दिवस. ती आपल्याला तारखेच्या वेषात दिसते इतकेच. ७/१२ पाहून त्याने अंदाज केला, की ही तारीख असावी. त्याला सात-बारा ठाऊक नाही!

ओवे गावचा हिशेब

या घरांचा उपयोग समजून घेण्यासाठी आपण रायगड जिल्ह्यात जाऊ. पनवेल तालुक्यात, खारघर आणि तळोजे यांच्या दरम्यान ओवे नावाचे गाव आहे. आज ते पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. ही महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. गावाभोवती आता उंच इमारती दिसतात. पूर्वी येथे शेती होती.

१९७० साली सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसवण्याचे काम तिच्याकडे आले. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांचा प्रदेश निवडण्यात आला. ओवे त्यांपैकीच एक. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे १९९० साली साडेबारा टक्के योजना आली. जितकी जमीन संपादन झाली, तिच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, असे तिचे सूत्र. त्यातूनही पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात. म्हणजे प्रत्यक्ष हाती येतात पावणेनऊ टक्के.

पाहा, एका गणितामागे किती मोठी गोष्ट उभी आहे! ज्या कुटुंबाची सारी शेती गेली, त्याला मिळणारा भूखंड या टक्केवारीवर ठरतो. येथे चुकलेला आकडा म्हणजे कोणाच्या तरी अंगणाची चूक. म्हणूनच हा हिशेब घरांत कसा मांडावा ते नीट पाहू. खालील खाती आणि क्षेत्रे उदाहरणासाठी कल्पिलेली आहेत.

एका घरात एकच गोष्ट

सात-बारावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे लिहिलेले असते. एक हेक्टर म्हणजे १०० आर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. कागदावर आपण ०.४०.५० असे लिहितो आणि शून्य हेक्टर, चाळीस आर, पन्नास चौरस मीटर असे वाचतो. माणसाला ते चटकन समजते. पण हेच एका घरात टंकले तर? संख्येत दशांश चिन्ह एकच असते. दोन टिंबे पाहून संगणक त्याला मजकूर समजतो. मग पुढे रकान्याची बेरीज मागितली, की बेरजेचे सूत्र मजकुराचे घर चक्क ओलांडून जाते. कसलीही सूचना न देता!

म्हणून पहिला नियम: एका घरात एकच गोष्ट लिहावी. क्षेत्राला तीन रकाने द्यावेत. ए१ मध्ये 'दर' असे लिहून बी१ मध्ये १२.५% टंका. ए२ मध्ये 'वजावट' लिहून बी२ मध्ये ३.७५% टंका. तिसरी ओळ कोरी ठेवा. चौथ्या ओळीत मथळे लिहा आणि पाचव्या ओळीपासून माहिती भरा.

| ओळ | ए: खाते | बी: हेक्टर | सी: आर | डी: चौ. मी. |
|---|---|---|---|---|
| ५ | पहिले | ० | ८० | ० |
| ६ | दुसरे | १ | २० | ० |
| ७ | तिसरे | ० | ४० | ५० |

आता ई५ या घरात एकूण चौरस मीटर हवेत. तेथे असे सूत्र लिहा:

=बी५*१००००+सी५*१००+डी५

एंटर दाबताच घरात ८००० दिसेल. सूत्र मात्र आतच राहते. त्या घरावर पुन्हा टिचकी मारली की वरच्या पट्टीत ते वाचता येते. गुणाकारासाठी फुलीऐवजी तारा वापरतात, तोही लक्षात ठेवा.

सूत्र आकडा धरत नाही, पत्ता धरते

तुम्ही म्हणाल, ०*१००००+८०*१००+० असे थेट लिहिले तरी उत्तर तेच येईल. येईल खरे. पण उद्या मोजणीत ८० आरांचे ८२ आर निघाले तर? आकड्यांचे गणित तसेच बसून राहील. पत्त्यांचे सूत्र मात्र सी५ मध्ये काय आहे ते पुन्हा पाहील आणि ८२०० हे उत्तर आपणहून देईल. सूत्र म्हणजे 'या घरातील जे काही असेल ते घे' अशी कायमची आज्ञा होय.

स्प्रेडशीटचा जन्मच या गरजेतून झाला. १९७८ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डच्या व्यवसाय व्यवस्थापन शाळेत शिकत होता. फळ्यावर मोठे कोष्टक मांडले, की त्यातील एक आकडा बदलला तरी त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम फळ्याने स्वतःच केले तर, अशी कल्पना त्याच्या मनात आली. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने ती प्रत्यक्षात आणली. तोच अॅपल टू या संगणकावर चालणारा व्हिजिकॅल्क.

आपल्या कोष्टकातही हा फायदा घेऊ. एफ रकान्यात साडेबारा टक्के क्षेत्र काढायचे आहे. प्रत्येक सूत्रात १२.५% हा आकडा लिहू नका. तो बी१ मध्ये आहेच, त्याचा पत्ता द्या: =ई५*बी१. उत्तर येईल १०००. नवी मुंबई विमानतळासाठी जमिनी घेताना साडेबावीस टक्के हा दर ठरला. तो लावून पाहायचा असेल तर फक्त बी१ बदलायचे. १००० चे १८०० होतील. एक आकडा एकाच जागी असावा, हा दुसरा नियम.

कंस विसरू नका. हाती येणारे क्षेत्र एकाच सूत्रात काढू म्हणून कोणी =ई५*बी१-बी२ असे लिहिले, तर संगणक आधी गुणाकार करील, मग वजाबाकी. बी२ मधील ३.७५% म्हणजे ०.०३७५. उत्तर येईल ९९९.९६२५. कंस घालून =ई५*(बी१-बी२) लिहिले की येईल ७००, आणि तेच बरोबर.

नक्कल करताना घडणारी गफलत

तीन खाती असोत की तीन हजार, प्रत्येकासाठी सूत्र टंकावे लागत नाही. एका घरातील सूत्राची नक्कल खालच्या घरांत उतरवता येते. ई५ चे सूत्र खाली उतरवा. सहाव्या ओळीत ते आपोआप =बी६*१००००+सी६*१००+डी६ होईल. दुसऱ्या खात्याचे १२,००० चौरस मीटर आणि तिसऱ्याचे ४,०५० मिळतील. नक्कल करताना सूत्र पत्ता अक्षरशः उचलत नाही. 'माझ्या डावीकडचे तिसरे घर' अशा नात्याने ते लक्षात ठेवते. घर एक ओळ खाली गेले की पत्तेही एक ओळ खाली सरकतात.

हीच सोय आता आपल्याला कशी फसवते ते पाहा. एफ५ मधील =ई५*बी१ हे सूत्र खाली उतरवा. सहाव्या ओळीत काय होईल? =ई६*बी२. पण बी२ मध्ये तर वजावटीचा दर आहे! दुसऱ्या खात्याला १५०० चौरस मीटरऐवजी ४५० मिळाले. सातव्या ओळीत =ई७*बी३ झाले. बी३ कोरे आहे आणि कोऱ्या घराची किंमत शून्य धरतात. तिसऱ्या खात्याला मिळाले शून्य! शून्य निदान डोळ्यांत भरते. ४५० हा आकडा मात्र अगदी साळसूद दिसतो. संगणकाने गुणाकार अचूकच केला आहे. चुकीच्या घराशी केला, एवढेच. पण दुसऱ्या खातेदाराचे १०५० चौरस मीटर त्यात बुडाले.

यावर उपाय आहे डॉलरचे चिन्ह. ज्या पत्त्याने जागा सोडू नये असे वाटते, त्याच्या अक्षरामागे आणि क्रमांकामागे हे चिन्ह लावायचे: =ई५*$बी$१. आता ई५ सरकेल, बी१ जागचे हलणार नाही. खाली उतरवून पाहा. १०००, १५०० आणि ५०६.२५ अशी उत्तरे मिळतील. जी रकान्यात वजावट =ई५*$बी$२ आणि एच रकान्यात =एफ५-जी५ लिहा. हाती येणारे क्षेत्र ७००, १०५० आणि ३५४.३७५ चौरस मीटर निघेल.

मोठ्यांच्याही चुका

अशा चुका केवळ विद्यार्थ्यांकडून होतात असे समजू नका. जनुकांची संक्षिप्त नावे लिहिताना शास्त्रज्ञांनाही सात-बारासारखाच अनुभव आला. 'सेप्ट१' हे एका जनुकाचे नाव. स्प्रेडशीटने ते १ सप्टेंबर केले. २०१६ साली एका अभ्यासात आढळले, की एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असा घोटाळा होता. शेवटी २०२० मध्ये त्या जनुकाचे नावच 'सेप्टिन१' असे बदलावे लागले! आपल्याकडे जमिनीच्या १२/३ अशा हिस्सा क्रमांकाचीही हीच गत होते. म्हणून असे क्रमांक भरण्याआधी तो रकाना 'मजकूर' प्रकारचा ठरवून द्यावा किंवा क्रमांकाच्या आधी एक अवतरणचिन्हासारखा सुटा स्वल्पविराम, म्हणजे अॅपॉस्ट्रॉफी, टंकावा.

बेरजेचा पल्ला चुकणे ही दुसरी चूक. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली देशांचे कर्ज आणि त्यांची आर्थिक वाढ यांवर एक निबंध लिहिला. अनेक देशांत त्याची चर्चा झाली. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची मूळ स्प्रेडशीट तपासली. ३० ते ४९ या ओळींची सरासरी हवी होती. सूत्रात पल्ला ४४ व्या ओळीपाशीच थांबला होता आणि पाच देश वगळले गेले होते. निबंधाबद्दल इतरही मतभेद होते, पण ही चूक लेखकांनी मान्य केली. शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती सापडली, कारण त्याने उत्तर न पाहता सूत्र पाहिले.

तिसरी चूक मर्यादेची. ऑक्टोबर २०२० मध्ये उघडकीस आले, की इंग्लंडमध्ये कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर मोजल्याच गेल्या नव्हत्या. माहिती जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. पुढच्या नोंदी गळून पडल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातील माणसांना सावध करण्यास उशीर झाला.

आणि चौथी, चूक नव्हे पण चकवा. तीन घरांत ०.४ लिहा आणि दशांश स्थळे न दाखवण्याची आज्ञा द्या. प्रत्येक घरात ० दिसेल. खाली बेरीज घ्या. ती १ दिसेल! आत १.२ आहे, दिसतो १. घराची दोन रूपे म्हटली होती, ती हीच.

ताळा घ्या

आपल्याकडे हिशेबनिसांची जुनी शिस्त आहे: उत्तर आले तरी ताळा घ्यावा. म्हणजे तेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढून पाहावे. आपल्या कोष्टकात तो असा घेता येईल. आठव्या ओळीत बेरजा मांडा. ई८ मध्ये =सम(ई५:ई७) लिहिले की २४,०५० येतात. एच८ मध्ये =सम(एच५:एच७) लिहिले की २,१०४.३७५ येतात. आता एका वेगळ्या घरात =ई८*($बी$१-$बी$२) हे सूत्र लिहा. तेथेही २,१०४.३७५ आले पाहिजेत. डॉलरचे चिन्ह विसरलेल्या कोष्टकात हा ताळा जुळणार नाही आणि चूक कोणाच्या हाती कागद पडण्यापूर्वीच उघडी पडेल.

आणखी एक सोपी खूण सांगतो. आपण काही बदल केला नसेल तर संख्या घराच्या उजव्या कडेला चिकटून दिसते आणि मजकूर डाव्या कडेला. संख्यांच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडे पळालेला दिसला, की समजावे, याला संगणकाने संख्या मानलेले नाही. काही कार्यक्रमांत देवनागरी अंक टंकले तर हेच घडते.

करून पाहा

१. वरील कोष्टक संगणकावर मांडा. आधी डॉलरचे चिन्ह न लावता एफ रकाना भरा आणि ताळ्यात किती फरक पडतो ते नोंदवा. मग चिन्ह लावा.

२. बी१ मध्ये २२.५% घाला. एफ रकान्याची बेरीज ५,४११.२५ आली पाहिजे. न आल्यास कोणत्या सूत्रात पत्त्याऐवजी आकडा लिहिला गेला ते शोधा.

३. सातव्या ओळीखाली एक नवी ओळ घालून चौथे खाते भरा. बेरजेच्या सूत्राने ते आत घेतले का? सूत्र वाचूनच खात्री करा. घेतले नसेल तर असे पुन्हा होऊ नये म्हणून बेरजेचा पल्ला कसा मांडाल?

४. घरात अजून गुंठ्यांत बोलतात. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. हे दोन आकडे दोन घरांत ठेवून गुंठ्याचे चौरस मीटर काढणारे सूत्र लिहा. उत्तर १०१.१७ च्या आसपास यावे. मग चाळीस गुंठ्यांचा एक एकर किती चौरस मीटरांचा होतो ते पाहा.

५. तुमच्या घरी सात-बारा असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून त्यावरील क्षेत्र असेच तीन रकान्यांत मांडा आणि चौरस मीटर काढा. उत्तर त्यांना दाखवण्यापूर्वी कागदावर एकदा ताळा घ्यायला विसरू नका.